तीस जूननंतर काय?

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयांना पुन्हा गिऱ्हाईक मिळते, ते सेवाभावी क्लबांच्या पदग्रहण समारंभांचे. लग्नसराई संपलेली असते आणि बाहेर पाऊस असतो. व्यासपीठावर मावळते अध्यक्ष, नवे अध्यक्ष, दोघांच्या सौभाग्यवती आणि प्रमुख पाहुणे म्हणून प्रांतपाल. मावळत्यांच्या गळ्यातली साखळी नव्यांच्या गळ्यात पडते. सचिव वर्षाचा अहवाल वाचतात. रक्तदान शिबिरे इतकी, नेत्रशिबिरे इतकी, वह्यावाटप इतक्या विद्यार्थ्यांना, वृक्षारोपण इतक्या रोपांचे. टाळ्या होतात आणि मग ‘फेलोशिप’ अशा भारदस्त नावाचे जेवण होते.

या समारंभांची थट्टा करणे फार सोपे आहे. ‘खाऊन-पिऊन सुखी लोकांचे मंडळ’ अशी टिंगल गावोगावी ऐकू येते. मला त्या टिंगलीत सामील व्हायचे नाही. मी स्वतः कुठल्याच क्लबाची सभासद नाही. पण शाळेच्या नोकरीतल्या तीस-बत्तीस वर्षांत, त्यातही मुख्याध्यापक झाल्यावर, या मंडळींचा आणि माझा संबंध सतत येत राहिला. त्यांनी दिलेले बाक, पंखे, पाण्याच्या टाक्या मी वापरल्या आहेत. दुकान, दवाखाना, वकिली सांभाळून रविवारची सकाळ दुसऱ्यासाठी देणारा माणूस मला कधीही आदराचाच वाटतो. माझी तक्रार माणसांबद्दल नाही, ती त्या कामाच्या घडीबद्दल आहे.

शिकागो आणि पुणे

एक योगायोग पाहा. १९०५ साल. फेब्रुवारीच्या २३ तारखेला शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्र जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरवायची असे ठरले, म्हणून नाव पडले रोटरी. त्याच वर्षी, १२ जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली.

दोन्हीकडे शब्द सेवेचाच, पण मागणी किती वेगळी! गोखल्यांनी आपल्या सभासदाकडे त्याचे सगळे आयुष्य मागितले. त्याने पोटापुरत्या मानधनावर राहायचे आणि देशाचे काम करायचे. शिकागोच्या मंडळींनी मागितली आठवड्यातली एखादी संध्याकाळ. व्यवसाय सोडायचा नाही, घरदार सोडायचे नाही, सवडीतला वेळ द्यायचा. आयुष्य देणारे थोडेच असतात, पण संध्याकाळ देणारे हजारो मिळतात. म्हणूनच ही कल्पना जगभर पसरली. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने, तेही शिकागोतच, लायन्स क्लब निघाले. कोलकात्यात १९२० साली रोटरी आली, मुंबईत १९२९ साली.

शिकागोच्या त्या पहिल्या क्लबाने १९०७ मध्ये हाती घेतलेले पहिले सामाजिक काम कोणते, ठाऊक आहे? शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून खटपट! फीत कापावी, फोटो काढावा असे हे काम नव्हते. पण बाजारात आलेल्या माणसाची खरी अडचण तीच होती. आज शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या एखाद्या एसटी स्टँडवर तासभर थांबलेल्या बाईला विचारा. ती हेच सांगेल.

‘ते आमच्या वर्षातले नाही’

आमच्या शाळेची गोष्ट सांगते. एका क्लबाने मुलींसाठी चांगले स्वच्छतागृह बांधून दिले. रंगीत फरशी, वर टाकी, बाहेर संगमरवरी पाटी आणि तिच्यावर देणगीदारांची, अध्यक्षांची, सचिवांची नावे. आम्ही मनापासून आभार मानले. सहा-सात महिन्यांत नळाची तोटी गेली, मग टाकीची मोटर जळली. सफाईसाठी बाई ठेवायला शाळेच्या सादिलखात्यात पैसा नव्हता. दिवाळीच्या सुटीनंतर दाराला कुलूप लागले. मोठ्या मुली पुन्हा दुपारपर्यंत पाणी न पिता बसू लागल्या आणि महिन्यातले चार दिवस गैरहजर राहू लागल्या.

मी क्लबाच्या अध्यक्षांना भेटले. ते नवे होते. अतिशय सौजन्याने त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, काम छानच होते, पण ते आमच्या वर्षातले नाही. यंदा आमचा भर वृक्षारोपणावर आहे.”

हे वाक्य मी पुढे अनेकदा, अनेक तोंडून ऐकले. ते बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला नियमाने तसे बांधलेले असते. या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष एका वर्षाचा. कुणी खुर्चीला चिकटून बसू नये, प्रत्येकाला संधी मिळावी, हा त्यातला चांगला हेतू. सहकारी संस्थांत आणि शिक्षणसंस्थांत पिढ्यान्‌पिढ्या न सुटणाऱ्या खुर्च्या पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला तर हा नियम आदर्शच वाटावा. पण त्याला दुसरी बाजू आहे. बारा महिन्यांत ज्याचा आरंभ, समारंभ आणि अहवाल उरकतो तेच काम मग निवडले जाते. वह्या वाटायला एक सकाळ पुरते, रोप लावायला एक तास. रोप जगवायला मात्र दोन उन्हाळे लागतात आणि दुसरा उन्हाळा दुसऱ्या अध्यक्षाच्या वर्षात येतो. म्हणून गावाबाहेरच्या त्याच माळावर त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप आणि नवे पाहुणे दिसतात.

दोन थेंबांचा धडा

मग हे क्लब दीर्घकाळाचे काम करूच शकत नाहीत का? जरूर करू शकतात. पोलिओचे उदाहरण समोर आहे. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ हटवण्याचा संकल्प जाहीर केला. भारतात डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्या काळातले रविवार अनेकांना आठवत असतील. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बर्फाच्या पेटीत लस, कडेवर पोर घेतलेल्या आयांची रांग आणि दोन थेंब पाजून झाले की डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. मुख्य भार अर्थातच सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी उचलला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ पाठीशी होत्या. पण गाड्या पुरवणे, पोस्टर लावणे, बूथवर बसणे, नकार देणाऱ्या घरी ओळखीचा माणूस घेऊन जाणे, ही कामे गावोगावच्या क्लबांनीही केली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात देशातल्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

१९८५ ते २०१४ हा हिशेब मांडून पाहा. एकोणतीस वर्षे, म्हणजे प्रत्येक क्लबात एकोणतीस अध्यक्ष! कुणीही म्हणाला नाही की पोलिओ आमच्या वर्षातला नाही. संकल्प संस्थेचा होता आणि अध्यक्ष येऊन-जाऊन त्याचे भोई होते. लायन्सचेही तसेच. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी उभे राहा असे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम त्या चळवळीने सोडलेले नाही. आपल्याकडच्या खेड्यांत ‘लायन्सचे शिबिर’ म्हटले की म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूच आठवतो. सातत्य या संस्थांच्या अंगात आहे. ते गावपातळीवर उतरत नाही, एवढेच.

मे महिन्यातले रक्त

रक्तदानाचेच पाहा. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली आणि स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांवरची जबाबदारी वाढली. क्लबांनी ती आनंदाने घेतली. पण शिबिरे कधी भरतात? स्थापनादिनाला, जयंतीला, नेत्याच्या वाढदिवसाला. एकाच आठवड्यात गावात तीन-तीन मांडव पडतात.

रक्त हे धान्य नव्हे, कोठारात साठवून ठेवता येत नाही. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. शिवाय एकदा रक्त दिले की पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने चार महिने थांबायचे असते. म्हणजे एकाच दिवशी तीनशे तरुणांचे रक्त घेतले, तर पुढचे तीन महिने त्या तीनशेंपैकी कुणीही उपयोगाचा नाही. आणि एप्रिल-मे आला की महाविद्यालये बंद, माणसे गावी गेलेली, ऊन मी म्हणत असते. रक्तपेढ्यांची ओढाताण दरवर्षी नेमकी तेव्हाच होते. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावेच लागते. त्याच्या आईला जयंती आणि वाढदिवसाचे काय? तिच्या दृष्टीने फेब्रुवारीतल्या तीनशे बाटल्यांपेक्षा मे महिन्यातल्या वीस मोलाच्या.

घेणाऱ्याचा चेहरा

आणखी एक गोष्ट, जी शिक्षिका म्हणून मला सलते. वह्यावाटपाच्या दिवशी मुले अकरा वाजल्यापासून मैदानात बसलेली असतात. पाहुणे एकला येतात. मग एकेका मुलाचे नाव पुकारून वही हातात द्यायची, पण लगेच सोडायची नाही. छायाचित्रकार “इकडे बघा” म्हणेपर्यंत दोघांनीही ती धरून ठेवायची. आठवीतला मुलगा त्या वेळी खाली बघतो. त्याला वही हवी असते, पण ‘गरीब विद्यार्थी’ म्हणून उद्याच्या पेपरात आणि आता तर मिनिटाभरात सगळ्या गावाच्या मोबाइलवर झळकायचे नसते. वह्यांचे गठ्ठे शाळेत आणून दिले, तर वर्गशिक्षक ते गरजेप्रमाणे आणि गाजावाजा न करता पोहोचवतील. फोटो काढायचाच असेल तर देणाऱ्यांचा काढावा, त्याला कुणाची हरकत नाही.

यावर क्लबांतली मंडळी सांगतात, आणि त्यातही तथ्य आहे, की फोटो नसेल तर देणगीदार येत नाही, नवा सभासद येत नाही. पण फोटो पाण्याच्या चालू नळाचाही निघतो. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या आणि आज डोक्यावर गेलेल्या कडुनिंबाचाही निघतो. देणगीदाराला तेच जास्त आवडेल, कारण आपला पैसा कुठे आहे हे त्याला दिसेल.

थोडे नियम बदलून पाहा

मला सुचते ते साधे आहे. प्रत्येक क्लबाने गावातले एकच काम पाच वर्षांसाठी निवडावे आणि त्यापुरती पाच वर्षांची वेगळी समिती नेमावी. अध्यक्ष खुशाल दरवर्षी बदलू देत. अहवालात ‘या वर्षी काय केले’ याबरोबर ‘तीन वर्षांपूर्वी केलेल्याचे आज काय झाले’ हे एक पान सक्तीचे असावे. बांधकामाच्या देणगीतून काही रक्कम दुरुस्तीसाठी बँकेत ठेवल्याशिवाय पाटी लावू नये. आणि गावातल्या सगळ्या क्लबांनी रक्तपेढीबरोबर वर्षातून एकदा बसून शिबिरांच्या तारखा वाटून घ्याव्यात.

शिवाय स्त्रियांना निर्णयात आणावे. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये त्यांना सभासदत्व खुले केले. २०२२ मध्ये जेनिफर जोन्स या रोटरीच्या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. तरीही आपल्याकडच्या कितीतरी समारंभांत बायकांच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि पुष्पगुच्छ एवढेच येते. आमच्या शाळेचे स्वच्छतागृह बांधताना समितीत एक जरी बाई असती, तरी पाटीच्या आधी पाण्याचा आणि केराच्या डब्याचा प्रश्न निघाला असता.

त्या स्वच्छतागृहाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याच क्लबातले एक सभासद, बाजारपेठेत हार्डवेअरचे दुकान चालवणारे गृहस्थ, एका शनिवारी नळकारागिराला घेऊन शाळेत आले. मोटर बदलली, तोट्या बसवल्या. नंतर महिन्यातून एका शनिवारी ते येत राहिले, मी निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही. सफाईच्या बाईंचा पगार त्यांनी चार दुकानदार मिळून वाटून घेतला. ते क्लबाचे अध्यक्ष कधी झाले नाहीत आणि पाटीवर त्यांचे नाव नाही. पण दुपारच्या सुटीत मुली पाणी पिऊ लागल्या.

अशी माणसे प्रत्येक क्लबात दोन-चार असतात. अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव सहसा सुचवले जात नाही, कारण ती सभेत फारशी बोलत नाहीत. वाचकांपैकी जे सभासद असतील त्यांनी पुढच्या बैठकीत अशा माणसाला एकदा उभे करून विचारावे, की आपण सुरू केलेली कोणती कामे बंद पडली आहेत. यादी तोंडपाठ असेल त्याला. यंदाचे काम तिथूनच सुरू करता येईल.