शंका आली, म्हणून चर्च सोडायचं?

समजा, तुम्ही कळवणचे आहात आणि नाशिकला कॉलेजात सेकंड इयरला शिकता. रविवारी दुपारी आईचा फोन येतो. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, पैसे पुरतायत का, हे सगळं झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "मिस्सेला गेला होतास ना?" तुम्ही "हो" म्हणता. खरं तर तीन महिने झाले, तुम्ही चर्चची पायरी चढलेली नाही. कुणाशी भांडण नाही, कुणी अडवलेलंही नाही. एक दिवस प्रार्थना म्हणता म्हणता मनात आलं, हे मी खरंच मानतो का? उत्तर काही आलं नाही.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तर मिस्सेच्या जागी सप्तशृंगगडाची यात्रा ठेवा, नाहीतर डोंगऱ्यादेवाचा उत्सव. प्रश्न तोच. पण कॅथलिक तरुणांबद्दल सध्या बातम्यांमध्ये बरंच काही येतंय, म्हणून आज त्यांच्या बाजूने हा प्रश्न बघू.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. त्याच सुमारास 'तरुण चर्चकडे परतताहेत' अशा बातम्या झळकल्या. २०२५च्या ईस्टरला फ्रान्समध्ये दहा हजारांहून जास्त प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात सर्वांत मोठा गट १८ ते २५ वयाचा होता. वाचून वाटतं, लाटच आली. पण अमेरिकेतल्या प्यू या संस्थेची त्याच वर्षीची पाहणी उलट सांगते. तिथे एक माणूस नव्याने कॅथलिक होतो, तेव्हा आठाहून जास्त माणसं कॅथलिक चर्च सोडतात.

यातलं खरं काय? दोन्ही. आले किती आणि गेले किती, हे मोजता येतं. पण जो शंका घेऊन मागच्या बाकावर बसलाय, किंवा दारापर्यंत येऊन परत जातोय, तो या आकड्यांत कुठेच नाही. आपल्याकडची खरी गोष्ट त्याचीच आहे.

कारण आपल्याकडे शंका घेणंसुद्धा तितकं सोपं नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती, सगळे पंथ धरून, साधारण १० लाख ८० हजार होते. म्हणजे शंभरात एकही नाही. इतक्या छोट्या समाजातला मुलगा "मला पटत नाही" म्हणाला, की घरच्यांना वाटतं हा गेला हातचा. आणि बाहेरचे म्हणतात, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मग तो गप्प बसतो. बाहेर धर्माची बाजू घेत राहतो, आत प्रश्न दाबत राहतो.

बाहेरून प्रश्न येतात हे खोटं नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तरी उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केलाच. जानेवारी २०२०मध्ये संमेलन झालं, फादर अध्यक्ष झाले. पण 'तू आमचा की बाहेरचा?' हा प्रश्न किती चटकन येतो, ते सगळ्यांना दिसलं.

त्यात कागदपत्रांचा गुंता वेगळा. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातली बरीच मराठी कॅथलिक घरं मूळची दलित समाजातली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही नाहीत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं, ही राज्यघटनेची फसवणूक आहे असं न्यायालय म्हणालं. आदिवासींचं तसं नाही. अनुसूचित जमातीचा दाखला आज धर्मावर ठरत नाही. पण धर्म बदललेल्यांना त्या यादीतून वगळा, ही 'डिलिस्टिंग'ची मागणी जोरात आहे. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात ती कानावर येणारच.

म्हणजे "मी मानतो का?" हा मनातला प्रश्न आणि "दाखल्याचं काय होईल?" हा तहसील कचेरीतला प्रश्न एकमेकांत अडकतात. म्हणून आधी तुमची शंका नेमकी कसली आहे ते ओळखा. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिली शंका देवाबद्दलची. तो आहे का? असेल तर ऐकतो का? ही शंका आली म्हणजे आपण नापास, असं वाटत असेल तर मदर तेरेसांकडे बघा. त्यांची खासगी पत्रं २००७मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जग चकित झालं. वर्षानुवर्षं त्यांना देव जाणवतच नव्हता, प्रार्थनेत नुसता अंधार होता. ही पत्रं सगळ्यांसमोर असताना चर्चने ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संत घोषित केलं. अडचण विज्ञानाची असेल, तर ज्याला आपण बिग बँग म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात करणाऱ्यांतले जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे माहीत असू द्या. यामुळे देव सिद्ध होत नाही, आणि लमेत्र यांनाही तसा वापर नको होता. पण फिजिक्स आणि मिस्सा यांतलं एकच निवडावं लागतं, हा समज तरी जातो.

दुसरी शंका चर्च या संस्थेबद्दलची. जगभरात धर्मगुरूंनी केलेले लैंगिक अत्याचार आणि ते झाकणारे वरिष्ठ आपण बातम्यांत वाचले. जात चर्चच्या दारात थांबली नाही, हेही खरं. भारतातल्या बिशपांनी २०१६च्या आपल्या धोरणात चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे स्वतःच मान्य केलं. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२मध्ये झाले. इतका उशीर का, असं विचारणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे. तो आत राहूनही विचारता येतो, बाहेर पडूनही. पण विचारा. "देवाच्या घरातलं चव्हाट्यावर नको" असं कुणी म्हणालं, तर अशा झाकाझाकीनेच घर पोखरलं, हे त्यांना सांगा.

तिसरी खरं तर शंकाच नाही, तो दबाव आहे. मित्र हसतील, दाखला अडकेल, लग्न जमणार नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी बोलेल. किंवा याच्या उलट, आई रडेल, फादर घरी येतील, समाज काय म्हणेल. अशा भीतीपोटी सोडलेला धर्म आणि अशाच भीतीपोटी धरून ठेवलेला धर्म, दोन्ही तुमचे नव्हेत. राज्यघटनेच्या कलम २५ने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय. त्यात राहणं आलं, सोडणं आलं आणि परतणंही आलं.

परतायचं असेल तर वाट फार अवघड नाही. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा एकदाच होतो. मधली वर्षं कुठेही गेली असली तरी तो पुन्हा घ्यावा लागत नाही. कन्फेशन करायचं आणि मिस्सेला जाऊन बसायचं. सगळ्या शंका फिटल्याचा दाखला दारात कुणी मागत नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जा, नाहीतर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला. सगळ्या धर्मांची माणसं तिथे रांगेत असतात. त्यातल्या प्रत्येकाला सगळं पटलेलं असतं, असं थोडंच आहे?

बायबलमधला थॉमस आठवतो? भारतात आला अशी परंपरा सांगते, तोच. येशू पुन्हा जिवंत झाला हे बाकीच्यांनी सांगितलं, पण याने मानलं नाही. जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला. पुढे त्याला येशू दिसला, हे सगळे सांगतात. मधल्या आठवड्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या आठवड्यात थॉमसला पटलेलं नव्हतं, तरी तो त्याच घरात, त्याच मित्रांबरोबर होता. तो निघून गेला नाही आणि त्यांनी त्याला हाकललं नाही.

आपल्याला गरज आहे ती अशा घरांची. शंका बोलून दाखवली तर जेवणाचं ताट न ओढणारी घरं. तसेच फादर, तसेच मित्र. आई-बाबांनो, हे तुमच्याही वाचनात आलं तर बरंच.

लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७मध्ये ठरलाय. जनगणनेच्या रकान्यात एका शब्दात धर्म लिहितात; 'अजून विचार करतोय' असं तिथे लिहिता येत नाही. पण आईला सांगता येतं. पुढच्या रविवारी फोन आला की "हो" म्हणू नका. "नव्हतो गेलो आई, थोडं बोलायचंय" एवढं म्हणा. मग राहायचं की निघायचं, ते सावकाश ठरवा. घाई कुणालाच नाही.