बॅज खुंटीवर, पोरगा सोर्सपाशी: शेवटची 15 दिवसांची मुदत

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत रात्री वेल्डची रेडिओग्राफी करून घेणाऱ्या प्रत्येक गाळामालकाला आणि कंत्राटदाराला, हेच काम करणाऱ्या आम्हा रेडिओग्राफरांचा हा जाहीर इशारा आहे.

आधी हिशेब समजून घ्या. 20 क्युरीचा इरिडियम-192 सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर तासाला जवळपास 100 मिलिसिव्हर्ट डोस बसतो. कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा 20 मिलिसिव्हर्ट, म्हणजे ती 12 मिनिटांत संपली. अंतर दुप्पट केलं की डोस पावपट होतो, आणि जवळ गेलं की तसाच वाढत जातो: दहा सेंटिमीटरवर वर्षाचा कोटा सात सेकंदांत खलास. गाइड ट्यूबमध्ये अडकलेला सोर्स 'जरा हलवून बघ' म्हणून कालपरवा लागलेल्या पोराला पुढे धाडणाऱ्यांनी ते सात सेकंद घड्याळ लावून मोजावेत. त्या पोराच्या हातातल्या सर्व्हे मीटरचे सेल संपलेले असतात, त्यामुळे काटा शून्यावरच असतो.

पाच वर्षांत मिळून 100 आणि कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट, यापुढे जायची कुणालाच मुभा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या कामगाराला जी मर्यादा, तीच वाळीव-सातिवलीच्या हेल्परला. गाळ्यामागच्या चाळीतल्या माणसाला तर वर्षाला फक्त 1. मध्ये भिंत किंवा शिसं नसेल तर दहा मीटरवर तोही तासाभरात पुरा होतो.

डोस मोजणारा टीएलडी बॅज ऑफिसात टांगून ठेवायचा आणि तीन महिन्यांनी 'डोस शून्य' असा रिपोर्ट फायलीला लावायचा, हे आता चालणार नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्ट-60 ने एका कामगाराचा जीव घेतला. आमच्यातल्या कुणाची पाळी यायची आम्ही वाट बघणार नाही.

आजपासून 15 दिवसांत सोर्सपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर त्याच्या स्वतःच्या नावाचा बॅज हवा, त्याच्या आजवरच्या डोसचा कागद त्याच्या हातात हवा, आणि मीटर चालू हवा. प्रशिक्षण नसलेला एकही माणूस दोरीच्या आत दिसता कामा नये. तोवरही, मीटर बंद असेल तर त्या रात्री सोर्सच्या कॅमेऱ्याला हात लागणार नाही.

मुदत वाढवून मिळणार नाही. सोळाव्या दिवशी गाळा नंबर आणि कॅमेऱ्याच्या नंबरासकट लेखी तक्रार अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जाईल. परवाना रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि तो वापरावा अशी मागणी आम्ही त्याच कागदावर सह्यांनिशी करणार आहोत.