पैठणची बाग : हवी तीच, की नवी?



आपल्या बीड जिल्ह्यात चार बायका बसल्या आणि सहलीचा विषय निघाला, की पैठणच्या बागेचं नाव आल्याशिवाय राहत नाही. संत ज्ञानेश्वर उद्यान हे तिचं कागदावरचं नाव. आपल्या तोंडी मात्र ती 'पैठणची बाग'च. म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी उभी केलेली. तिच्या नूतनीकरणाची बातमी पेपरात आली, की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "होती तशीच नीट करा, आमची बाग आम्हाला परत द्या." दुसरा म्हणतो, "आता कारंजी बघायला कोण येतंय? मोठाले पाळणे आणा, पाण्याच्या घसरगुंड्या आणा. लेकरं वॉटर पार्क मागतात." गंमत अशी, की पुष्कळदा हे दोन्ही तट एकाच बाईच्या मनात असतात. आई म्हणून एक वाटतं, आणि जुनी सहलकरी म्हणून दुसरंच!

आधी थोडं मागचं सांगते. जायकवाडी हे खरं तर आपल्याच जिल्ह्यातलं गाव. गोदावरीवरचं धरण तिथं बांधायचा बेत होता. पुढे जागा बदलली, धरण वर पैठणला गेलं, पण नाव जायकवाडीचंच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, आणि पोटात शंभराहून जास्त टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, यावरून अंदाज करा! याच नाथसागराचा उजवा कालवा आपल्या जिल्ह्यातून माजलगावच्या धरणापर्यंत येतो. कितीतरी गावं या पाण्याखाली गेली, माणसं घरंदारं सोडून उठली. बागेचं कौतुक करताना तेही विसरून चालणार नाही.

त्या काळात आपल्याकडच्या बायकांनी कारंजं पाहिलं ते सिनेमात. घरी पाणी म्हणजे आडावरून खेपा, डोक्यावर हंडा. तिथं पाणी गाण्याच्या तालावर उंच उडतंय, तांबडं होतंय, हिरवं होतंय, हे बघून आमच्या सासूबाईंच्या पिढीनं तोंडात बोटं घातली, यात नवल काय? गेवराई, शहागड, पाचोड करत एस.टी. पैठणला पोचायची. आधी नाथांच्या समाधीचं दर्शन, मग धरणाची भिंत, मग दशम्या सोडून हिरवळीवर जेवण, आणि दिवे लागेपर्यंत बागेत. खर्च काय, तर गाडीभाडं आणि बागेचं किरकोळ तिकीट. घरातली सगळी जाऊ शकत, सासू, सून, नणंद, लेकरं, कडेवरचं बाळसुद्धा. ज्या बाईनं माहेर आणि देवदर्शन यापलीकडे प्रवास केला नव्हता, तिला नुसतं बघायला म्हणून जायची ही पहिली जागा होती. आजही म्हाताऱ्या बायका या बागेबद्दल इतक्या ओढीनं बोलतात ते यामुळे. त्यांना नुसतं कारंजं आठवत नाही, तो मोकळा दिवस आठवतो.

मग हळूहळू बागेची रया गेली. कारंजी बंद पडली, दिवे गेले, हिरवळ वाळली. दुरुस्तीच्या घोषणा पुष्कळदा झाल्या. यात कुणा एकाकडे बोट दाखवण्यापेक्षा कारण समजून घेऊ, आणि ते आपल्याला, घर चालवणाऱ्या बायकांना, चटकन समजेल. संगीत कारंजं म्हणजे काय? खाली हौद, त्यात पंप, लहानमोठ्या असंख्य तोट्या, पाण्याखालचे दिवे, आणि गाण्याबरोबर पाणी सोडणारी नि अडवणारी यंत्रणा. आपल्या न्हाणीघरातल्या एका तोटीवर जड पाण्याचा पांढरा थर बसतो, तो चिंच लावून घासावा लागतो. इथं तशा कितीतरी तोट्या! गाळ बसतो, वायरी कुजतात, दिवे जातात. रोज हात फिरला तरच हे चालतं. नवीन वस्तूचं कौतुक चार दिवस, पुसणं मात्र जन्मभर, हे आपल्याइतकं कोण जाणतं? उद्घाटनाला नारळ फुटतो, हारतुरे येतात. माळी, वायरमन आणि झाडणारी बाई यांच्या पगाराची तरतूद करताना मात्र हात आखडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवत असेल. त्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं आणि आपल्या जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते. अशा वर्षी कुठं कारंजं उडताना दिसलं असतं, तर आपणच कडाकडा बोटं मोडली असती. खरं म्हणजे कारंजं तेच ते पाणी फिरवून वापरतं. उन्हानं उडून जातं तेवढी भर घालावी लागते. जास्त पाणी पिते ती हिरवळ. म्हणून नव्या बागेत हिरवळ बेताची आणि वड, कडुलिंब, चिंच, आंबा अशी सावलीची झाडं जास्त असावीत, असं मला वाटतं. वॉटर पार्कचा हट्ट धरणाऱ्यांनीही मे महिन्यातला आपला रांजण एकदा डोळ्यांसमोर आणावा.

आता पाळण्यांकडे वळू. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. होडीतून खाडी ओलांडून जायचं, म्हणून त्याचं आणखीच अप्रूप. आपल्याकडून मुंबईला पाहुणे म्हणून गेलेली लेकरं परत आली, की महिनाभर तेच सांगायची. ते २०२२ मध्ये बंद झालं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली उघडलं, कर्जाच्या ओझ्याखाली आलं, आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेलं. शिर्डीचं साईतीर्थ आणि तिथला वॉटर पार्कही याच समूहाचा. म्हणजे सरकारी ते मोडतं आणि खासगी ते टिकतं, इतकं हे सोपं नाही. भारी तिकिटाच्या जागांवरही पाळी येतेच. तरीपण लेकरांना त्या आवडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी मोबाइलवर सगळं जग पाहिलंय. रंगीत पाणी बघून ती तोंडात बोट घालणार नाहीत. त्यांना स्वतः भिजायचं असतं, ओरडायचं असतं, झोके घ्यायचे असतात. आपल्या आठवणी गोड आहेत म्हणून त्यांनी कोरड्या हौदापुढे उभं राहून "वा वा" म्हणावं, हा हट्ट बरा नव्हे.

पण एक गोष्ट मला बोचते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते. शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि मागे राहिलेलं लेकरू आजीजवळ. सहल अशा मोठ्या पार्कला ठरली, की एका लेकराची वर्गणीच आजीच्या आवाक्याबाहेर जाते. मग वर्गाचे दोन भाग पडतात, जाणारे आणि न जाणारे. एका वर्षी एक पोरगी मला म्हणाली, "बाई, मला गाडी लागते, म्हणून मी नाही येत." दरवर्षी उसाच्या फडापर्यंत ट्रकमधून शेकडो मैल जाऊन आलेली पोर ती! तिला गाडी लागत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी काही बोलले नाही. त्या वर्षी तिचं नाव यादीत आलं ते दोघीतिघींनी मिळून वर्गणी भरली तेव्हा. पण सगळ्याच अशा पोरींची नावं यादीत येत नाहीत.

म्हणून 'जुनी की नवी' या भांडणात माझं मत विचाराल, तर बाग खुशाल नवी करा. लेकरांना पाळणे द्या, भिजायला जागा द्या. बायकांसाठी पाणी आणि आतून कडी असलेली स्वच्छतागृहं द्या, म्हाताऱ्यांना सावलीत बसायला बाकं द्या. जुन्या बागेत सगळं छानच होतं, असं मी म्हणणार नाही. पण तीन गोष्टींचा हिशेब आधी मांडा. तिकीट असं असावं, की पाच माणसांच्या घराला घरून डबा बांधून एका दिवसाच्या मजुरीत बाग बघता यावी. जेवढा पैसा बांधायला, त्याच्या जोडीला दरसालच्या देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवावा, आपण धान्याच्या कोठीत बियाण्याचं वेगळं ठेवतो तसा. आणि दुष्काळी वर्षात पाण्याचं काय करायचं, ते आधीच ठरलेलं असावं. एवढं झालं, तर कारंजं कोणत्या गाण्यावर उडतं याचं मला सोयरसुतक नाही.

आता आपल्या हातातलं थोडं. शाळेच्या पालकसभेत सहलीचा विषय निघाला, की आधी विचारा, "वर्गातल्या सगळ्यांना झेपेल का?" हा प्रश्न बाईनं विचारला, की बाकीच्याही धीट होतात. एस.टी.नं जायचा आग्रह धरा, शाळेच्या सहलीला भाड्यात सवलत मिळते. घरच्या घरी जायचं असेल, तरी मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या सासू-सासऱ्यांना मोफत प्रवास. ओळखपत्र तेवढं बरोबर ठेवा. कारंजं चालू असो वा नसो, हिवाळ्यात पैठणला जायला निमित्त पुष्कळ. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत लांबलांबचे पक्षी उतरतात, कधी रोहित पक्ष्यांचे थवेही. त्यासाठी सकाळी लवकर पोचावं. डब्याला दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी घ्यावी, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दह्याचे धपाटे त्याच दिवशी संपवावेत. कागद, पिशव्या, पत्रावळी परत घरी आणायला एक रिकामी पिशवी विसरू नका. बाग मोडायला आपलाही हातभार लागतो, तेवढा तरी लागू नये.

आणि डबे भरताना एक डबा जास्तीचा भरा. आजीजवळ राहिलेलं एखादं लेकरू त्या गाडीत असतंच. नसलं, तर ते का नाही, हे बाईंना नक्की विचारा.