दम उतरला, पुढे काय?

मध्यरात्री माणूस दचकून उठून बसतो. आडवे होता येत नाही, छातीत घरघर चालू. शेवगावकडच्या घरांत ‘दमा उठला’ म्हणतात. पुष्कळदा तो दमा नसतो. हृदय कमी पडून फुप्फुसांत पाणी साचलेले असते. घरच्यांपुढे प्रश्न एकच: औषध इथेच सुरू करायचे, की तिसगाव, करंजी घाट मागे टाकत ६० किलोमीटरांहून दूरचे नगर आधी गाठायचे?

इथेच सुरू करावे, असे आमचे मत आहे. फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, शिरेतून दिले की काही मिनिटांत लागू पडते आणि अर्ध्या तासात त्याचा जोर शिगेला पोहोचतो. औषध जुने आहे, स्वस्त आहे. सोबत ऑक्सिजन असला तर रुग्ण घाटातला प्रवास थोडा सुसह्यपणे करतो. मात्र ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ हा आग्रह इथे घातक ठरू शकतो.

पण हेच इंजेक्शन न्यूमोनियाच्या किंवा जुलाबाने सुकलेल्या रुग्णाला दिले तर? रक्तदाब कोसळतो. योग्य रुग्णातही पाण्याबरोबर पोटॅशियम जाते आणि ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी छाती तपासणे, रक्तदाब, ईसीजी. मात्रेचा वाद जुना आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ३०८ रुग्णांच्या ‘डोस’ चाचणीत जास्त मात्रेने पाणी अधिक उतरले, काहींचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे रक्तातले माप) तात्पुरते वाढले, पण ६० दिवसांनी दोन्ही गटांत ठळक फरक उरला नाही. तेव्हा क्रिएटिनिन जरा चढले म्हणून घाबरून औषध आखडणे हाही धोकाच. यातला खरा पहारेकरी साधा आहे: लघवीचे मोजमाप. पहिल्या सहा तासांत ताशी किमान १०० मिली लघवी झाली नाही, तर मात्रा वाढवायला हवी. त्याला महागडे यंत्र लागत नाही, जागी राहणारी परिचारिका लागते.

रक्तदाब चढलेला असेल तर नायट्रोग्लिसरीन उपयोगी. तो ११०च्या खाली असेल तर नको. डोब्युटामिन हातपाय गार पडलेल्या, रक्तदाब ढासळलेल्या रुग्णासाठी. त्याने ठोके बेताल होऊ शकतात, तेव्हा मॉनिटर नसेल तिथे ते शक्यतो टाळावे. याच आजारावरच्या नेसिरिटाइड या औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. दहा वर्षांनी सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसले, की त्याने मृत्यू कमी होत नाहीत, रक्तदाब मात्र अधिक वेळा उतरतो.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती घरी सोडल्यानंतरची. भारतातल्या ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदीत ९० दिवसांत सुमारे १४ टक्के दगावले. उलट २०२२च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीत गोळ्या झपाट्याने पूर्ण मात्रेवर नेल्या, पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार तपासले, तेव्हा १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३ वरून १५ टक्क्यांवर आले. अशा तपासण्या शेवगावातच व्हायला हव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर गोळ्या आणि कागद बरोबर देऊनच निरोप द्यावा.

वाचकांना विनंती आहे: दम उतरला म्हणून गोळ्या बंद करू नका, अंगदुखीवर मनाने डायक्लोफेनॅक घेऊ नका. रोज सकाळी वजन करा आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.