गोबर गॅस बंद का पडतो?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात बंद पडलेला गोबर गॅस ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. घुमटावर रान वाढते आणि घरची बाई पुन्हा मोळीसाठी जंगलाची वाट धरते. ‘लोकांना सवय नाही’ असे कारण सरकारी लोक सांगतात. ते आम्हाला मान्य नाही.

आधी हिशेब पाहू. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. एक घनमीटर गॅस साधारण ०.४५ किलो एलपीजीचे काम करतो. म्हणजे महिन्याला २७ किलो, १४.२ किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर. थंडीत गॅस कमी येतो, म्हणून दीडच धरा. शिवाय मळी शेतात जाते ती वेगळी. शेणी थापून जाळल्या तर खतही गेले आणि डोळ्यांत धूरही आला.

मग बिघडते कुठे? कागदावरचे शेण आणि गोठ्यातले शेण यांत फरक आहे. आपली गुरे दिवसभर रानात चरतात, बरेचसे शेण तिकडेच पडते. दावणीची गुरे मोजून टाकी मंजूर होते आणि ती उपाशी राहते. त्यात आपला पाऊस. बाहेरचे पाणी शिरून शेणकाला पातळ झाला की गॅस बसला. १९८४ पासून आलेल्या दीनबंधू पद्धतीत घुमट विटांचा असतो. त्याला बारीक चीर गेली तर ती बुजवणारा जाणता गवंडी गावात नसतो. अनुदान बांधकाम पुरे झाल्यावर मिळते आणि तिथे सगळ्यांचे कर्तव्य संपते. ज्याने कर्ज काढले त्याचा हप्ता मात्र चालू राहतो, हे आम्ही बँकेच्या काउंटरमागून पाहतो.

आणखी एक कारण आहे. अर्ज कन्नडमध्ये, वापराचे माहितीपत्रकही कन्नडमध्ये. शेणकाला किती घट्ट हवा, नळीत साठलेले पाणी कधी काढायचे, हे जिने रोज करायचे तिलाच ते वाचता येत नाही. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे स्थानिक संस्थांनी त्यांच्या भाषेत कागदपत्रे द्यावीत, अशी तरतूद कर्नाटकाच्या १९८१ च्या कायद्यात होती. फलकांवरील मराठीसाठी आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण चुलीपाशी लागणाऱ्या या एका पानासाठी आपण कधी निवेदन दिले आहे काय?

अनुदानाचा काही भाग टाकी दोन वर्षे चालल्यानंतरच द्यावा, ही मागणी आपल्या निवेदनात असावी. माहितीपत्रक मराठीत छापण्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही, मंडळाने ते स्वतः छापावे. राहिला पाऊस. सिंधुदुर्गातही तो काही कमी नाही, तरी झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने तिकडे गोबर गॅसचे काम उभे केले आहे. दिवाळीनंतर आपले चार तरुण गवंडी तिकडे शिकायला पाठवावेत आणि त्यांच्या गाडीभाड्याची तरतूद मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत मंजूर करावी.