भिंतीच्या अंगरख्याला नकाशा कशाला?



देवासच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री अकरालाही हाताला गरम लागते. नऊ इंची विटांची भिंत, दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा. इथल्या कॉलन्यांत असते तशीच. बाहेर माळव्याची गार रात्र उतरलेली असते आणि भिंत मात्र दिवसभर प्यालेले ऊन घरात सोडत बसते. याच गावाच्या कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात इथे आले आणि इथलेच झाले. हवेला नावे ठेवण्यात अर्थ नाही, घरे आपणच बिघडवली.

या भिंतीवर बाहेरून दोन इंच जाडीचे थर्मोकोल चिकटवून, जाळी ताणून वर गिलावा करायचे आम्ही ठरवले. एवढ्या थराने भिंतीतून आत शिरणारी उष्णता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. थर आतून लावला तरी उष्णता अडते. पण मग विटा उन्हात उभ्या राहतात आणि रात्री खिडक्या उघडून गार करून ठेवावे असे घरात काही उरत नाही. बाहेरून लावला की वीट घराच्या बाजूला राहते आणि रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरते. दिवस तापलेला, रात्र गार, अशा मुलखासाठीच ही युक्ती आहे. (गच्चीला अजून पांढरा चुना मारला नसेल तर आधी तो मारा, भिंतीचा खर्च नंतर.)

नकाशे पास करून देणाऱ्या एका जाणकाराला विचारले. तो म्हणाला, “काका, भिंत दोन इंच पुढे आली म्हणजे एमओएस कमी झाला. नवा नकाशा टाकावा लागेल. त्यापेक्षा आतून लावा, कोणी विचारत नाही.” एमओएस म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा. एका गावात थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने नांदवलेल्या देवासला हद्दीच्या भांडणांचे नवल नाही, पण दोन इंचांवरून?

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये गिलावा, रंगकाम, कौले बदलणे ही कामे परवानगीशिवाय करण्याजोगी मानली आहेत. मग गिलाव्याखाली थर्मोकोल आले की तो गिलावा राहत नाही का? तीस बाय चाळीस फुटांच्या घराला चारही बाजूंनी दोन इंच थर दिला तर हिशेबाला सुमारे 23 चौरस फूट वाढतात. त्यात ना कोणी झोपणार, ना दुकान थाटणार. दुसरीकडे आमच्या मध्य प्रदेशानेच 2021 मध्ये मंजुरीपेक्षा जास्त झालेले बांधकाम शुल्क भरून नियमित करण्याची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली. आख्खी खोली चढवणाऱ्याला वाट आहे आणि भिंतीला अंगरखा घालणाऱ्याने विचारत फिरायचे, हा न्याय मला कळत नाही.

केंद्राची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर 2018 मध्ये आली. तिने भिंतींतून आणि खिडक्यांतून किती उष्णता आत येऊ द्यावी याची मर्यादा घातली, हे चांगलेच. पण ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. आमच्यासारख्या हजार-बाराशे चौरस फुटांच्या जुन्या घरांचे काय?

धारला गुंता आणखी वाढतो. माझी मावशी लाट मशिदीजवळ राहते, शंभर मीटरच्या आत. दिलावर खानाने 1405 मध्ये बांधलेली ही मशीद केंद्र सरकारची संरक्षित वास्तू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर प्राचीन स्मारकांच्या कायद्याने अशा वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद केले. त्यापुढच्या दोनशे मीटरांत ते परवानगीने होते. आतल्या शंभर मीटरांत जुन्या घराची डागडुजी परवानगी घेऊन करता येते, आणि पुनर्बांधणीच्या व्याख्येत घराची आडवी-उभी मर्यादा तीच राहावी अशी अट आहे. आता दोन इंचांचा थर ही डागडुजी, की आडवी वाढ? मावशीने अर्ज कोणत्या शब्दांत लिहायचा?

जर्मनीच्या नमुना बांधकाम नियमावलीत याचे सरळ उत्तर आहे: जुन्या घराला उष्णतारोधक थर दिला तर 25 सेंटीमीटरपर्यंतची जाडी सोडायच्या अंतरात धरत नाहीत. आपल्याला तेवढेही नको, दहा सेंटीमीटर पुरेत.

मोकळे रान मात्र देऊ नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे आग झपाट्याने वर चढली आणि 72 माणसे गेली. म्हणून उंच इमारतींना रॉकवूलसारखा न पेटणारा थरच सक्तीचा असावा. चार फुटी गल्लीत रस्त्याच्या बाजूने थर नको. आणि धार-देवासच्या जुन्या वाड्यांना तर कोणी हात लावू नये: मातीच्या जाड भिंतींना ही गरजच नाही, उलट थर्मोकोल-सिमेंटमागे ओल कोंडून त्या सडतील, कोरीव लाकूड झाकले जाईल ते वेगळेच.

मध्य प्रदेश भूमि विकास नियम 2012 मध्ये एवढे एकच वाक्य स्पष्ट घालावे, अशी नगरीय विकास व आवास विभागाला विनंती आहे: दुमजलीपर्यंतच्या जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीवरील दहा सेंटीमीटरपर्यंतचा उष्णतारोधक थर गिलावाच मानला जाईल आणि मोकळी जागा मूळ भिंतीपासून मोजली जाईल. स्मारकांच्या हद्दीत हा थर डागडुजीत धरावा, असे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणानेही कळवावे. हे पुढच्या एप्रिलच्या आत व्हावे; मे महिन्यात परांचीवर चढायला कारागीर तयार होत नाहीत.

– एक वाचक, देवास