चमक कुठे आणि किती?



गेल्या महिन्यात निपाणीहून भाचीचा फोन आला. "मामा, पत्रिकेचं डिझाइन पाठवलंय. बघा आणि छापायला द्या की लगेच." तिचं लग्न ठरलंय. सासर धारवाडचं, घरी कन्नड बोलणारं.

डिझाइन खरोखर देखणं होतं. गडद निळं कार्ड, सगळीकडे मॅट, मखमलीसारखं. पुढच्या बाजूला मराठी मजकूर सोनेरी फॉइलमध्ये. मागच्या बाजूला तोच मजकूर कन्नडमध्ये, पण निळ्यावर निळा, नुसत्या चमकत्या वार्निशचा. "कार्ड हलवलं की अक्षरं उमटतात, मामा. एकदम क्लास!"

माझी चाळीस वर्षं बेळगावात छपाईच्या धंद्यात गेली. मी तिला म्हटलं, "चार दिवस थांब." का थांबवलं, तेच आज तुम्हाला सांगतो. तुमच्यातले बरेच जण आता लॅपटॉपवर स्वतःच पत्रिका आणि स्मरणिका तयार करता, म्हणून.

लहानपणी आमच्या देवघरात राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीचं जुनं चित्र होतं. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं तैलचित्रासारखी दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश असायचं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की लक्ष्मीचा चेहराच दिसायचा नाही, नुसता उजेड दिसायचा. मग आम्ही पोरं मान वाकडी करून दर्शन घ्यायचो.

चमक शाईत नसते, ती पृष्ठभागात असते. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर पडलेला उजेड एकाच दिशेने परत फिरतो. सारवलेल्या जमिनीवर तो चहूकडे विखुरतो. ग्लॉस आणि मॅट यांत फरक एवढाच. म्हणून सगळंच चमकवलं तर काहीच उठून दिसत नाही. शेजारी मंद जागा असेल तरच चमक डोळ्यात भरते. मॅटवरचा विखुरलेला उजेड गडद रंगात मिसळतो आणि रंग थोडा फिका वाटतो, तेही आधीच धरून चालावं.

हा फरक कागदावर आणायच्या दोन नेहमीच्या रीती आहेत. पहिली स्पॉट यूव्ही. छापलेल्या शीटवर मॅट फिल्मचं लॅमिनेशन करायचं, मग हवं तिथेच स्क्रीनने जाड वार्निश लावून यूव्ही दिव्याखाली वाळवायचं. तीनशे-चारशे पत्रिकांना हीच परवडते. पण शीट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं, त्यामुळे रजिस्टर अर्धा मिलिमीटर तरी इकडेतिकडे होऊ शकतं. बारीक अक्षराला तेवढं पुरतं. शिवाय वार्निश पसरतं. देवनागरीतला अनुस्वार, 'क्ष'मधली पोकळी, कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारी छोटी जोडाक्षरं बुजून जातात.

दुसरी रीत ड्रिप-ऑफ. जिथे मॅट हवं तिथे ऑफसेटच्याच एका प्लेटने तेलकट मॅट वार्निश लावायचं, आणि लगेच पूर्ण शीटवर ग्लॉस कोटिंग द्यायचं. तेलकट तव्यावर पाणी जसं आकसतं, तसं त्या वार्निशवर कोटिंग आकसतं आणि तो भाग मंद, खरखरीत दिसतो. बाकीचा भाग लखलखतो. सगळं एकाच फेरीत होतं, म्हणून रंगांइतकंच अचूक बसतं. पण वेगळी प्लेट आणि कोटिंगची सोय असलेलं मशीन लागतं, म्हणून मोठ्या ऑर्डरलाच ते परवडतं. आणि दोन्हींना गुळगुळीत आर्ट कार्ड हवं. साध्या कागदात वार्निश मुरून जातं.

मी स्वतःही ठेच खाल्लेली आहे. एकदा दिवाळीच्या तोंडावर कुंद्याचे दोन हजार बॉक्स केले. चमक इतकी आवडली की ती चिकटवायच्या पट्टीवरही गेली. त्यावर गोंद धरेना. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात बॉक्स उघडायला लागले. सगळे बॉक्स पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिले. तेव्हापासून चमक कुठे नको, हे मी आधी ठरवतो.

आता भाचीकडे वळू. ओळखीच्या स्क्रीनवाल्याकडून तिच्या डिझाइनचं एकच शीट हाताने काढून घेतलं आणि निपाणीला गेलो. संध्याकाळची वेळ, घरात ट्यूबलाइट. तिच्या हातात कार्ड दिलं आणि म्हटलं, "कन्नड बाजू वाच. हलवायचं नाही." ती शाळेत कन्नड शिकलेली. तरी अडखळली. तिरकं न करता तिला सासऱ्यांचं नाव सापडेना.

मग तिची आजी, म्हणजे माझी आई, हळूच म्हणाली, "आपली नावं सोन्यात आणि त्यांची अंधारात, असं दिसतंय गं हे."

भाचीचा चेहरा उतरला. तिच्या मनात तसं काहीच नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण पत्रिका घरोघरी गेल्यावर प्रत्येकाला ते समजावायला ती कुठे जाणार होती? आपल्या या सीमेवरच्या गावांत तर कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली, हे लोक चटकन बघतात.

तिने त्याच रात्री डिझाइन बदललं. दोन्ही लिप्या सोनेरी, एकाच आकारात. चमकतं वार्निश फक्त कडेच्या मोगऱ्याच्या वेलीवर. वेल घडीपासून लांब ठेवली, कारण घडीवर वार्निशला तडा जातो.

तेव्हा मुलांनो, वाचायचा मजकूर कधीही नुसत्या चमकेवर सोडू नका. त्याला स्वतःचा रंग द्या. चमकेची वेगळी प्लेट असते, ती फाइलमध्ये काळ्या रंगात स्वतंत्र द्या, रेघा जाड ठेवा. आणि स्क्रीनवरचं चित्र पाहून 'ओके' म्हणू नका. एक शीट हातात घ्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ट्यूबलाइटखाली वाचायला द्या.

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. दुसरी घेऊन भाचीचे आई-वडील धारवाडला गेले. व्याह्यांनी चष्मा न शोधता ती मोठ्याने वाचली, असं बहिणीने फोनवर सांगितलं.

पुढच्या महिन्यात भेटू.